काळी यादी आणि पांढरपेशे गिऱ्हाईक

गेल्या आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. हयातभर माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोबाइल फोनचे एक रिकामे खोके, आणि आयुष्यात प्रथमच पोलीस ठाण्याची पायरी चढून आलेल्या सभ्य माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी ओशाळवाणी कळा. खुर्चीवर बसताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "साहेब, मी चोर आहे का?"

हकिकत थोडक्यात अशी. अकरावीत गेलेल्या नातीसाठी मास्तरांनी स्टेशनजवळच्या एका दुकानातून नऊ हजार रुपयांना वापरलेला फोन घेतला. दुकानदाराने खोके दिले, चार्जर दिला, वर एक कव्हर फुकट दिले. दिले नाही ते फक्त बिल. "बिल कशाला, काका? फोन चालतोय ना?" हा त्याचा सवाल मास्तरांना पटला. नवा घ्यायला गेले असते तर दुप्पट पैसे पडले असते. अठरा दिवस फोन उत्तम चालला. एकोणिसाव्या दिवशी त्याची वाचा गेली. घरच्या वाय-फायवर तो सगळी कामे करी, फोटो काढी, गाणी म्हणे. परंतु कोणाला फोन लागेना आणि कोणाचा येईना. सिमकार्ड बदलून पाहिले, दुसऱ्या कंपनीचे घालून पाहिले, एका कारागिराने मदरबोर्ड गेल्याचे निदान करून तीनशे रुपये घेतले. अखेर दोन दिवसांनी परगावच्या पोलीस ठाण्यातून मास्तरांच्या मुलाला फोन आला, कारण नातीचे सिमकार्ड त्याच्या नावावर होते. आपण वापरीत असलेला फोन चोरीचा आहे, तो ताबडतोब जमा करावा, नपेक्षा पुढील कारवाई होईल, अशी ती समज होती. मास्तरांनी फोन नेऊन दिला. तेथे त्यांना कळले की, लोकलच्या दारातून तो ज्याच्या हातून हिसकावला गेला तो कुरिअर कंपनीत काम करणारा तरुण आहे आणि हातात नसलेल्या त्या फोनचे मासिक हप्ते तो अजून भरीत आहे. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, "मी तुम्हांला ओळखतच नाही." नऊ हजार गेले, अब्रू जाता जाता राहिली, आणि हाती उरले ते खोके. त्या खोक्यावरचा क्रमांकही भलत्याच फोनचा निघाला!

ही एका मास्तरांची कर्मकथा असती तर ती आम्ही पहिल्या पानावर आणली नसती. परंतु आज शहरातील अर्धा मध्यमवर्ग वापरलेले फोन विकतो आणि उरलेला अर्धा ते विकत घेतो. या देवघेवीच्या मधोमध सरकारची एक काळी यादी उभी आहे आणि तिची ओळख बहुतेकांना अशा फटक्यानेच होते. म्हणून या यादीचा न्याय कोठवर पुरा आहे आणि कोठे तोकडा आहे, याचा विचार सर्वांनी एकदा करावयास हवा.

यादी आहे तरी काय?

प्रत्येक मोबाइल फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. पहिले आठ अंक फोनची जात सांगतात, पुढचे सहा त्या एकट्या फोनचे असतात, आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांचा ताळा पाहण्यासाठी असतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर उमटतो. सिमकार्ड बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. आणि फोन टॉवरशी बोलू लागला की कंपनीला तो ओळखता येतो. जगभरच्या मोबाइल यंत्रणेत अशा क्रमांकांच्या तीन याद्या कल्पिलेल्या आहेत: पांढरी यादी बिनदिक्कत सेवा मिळणाऱ्यांची, करडी नजरेखाली ठेवावयाच्यांची आणि काळी दार बंद करावयाच्यांची.

आपल्या देशात हे काम टप्प्याटप्प्याने झाले. ज्या फोनांना मुळी क्रमांकच नव्हता त्यांची सेवा २००९ च्या डिसेंबरपासून बंद करण्यात आली. पुढे सर्व कंपन्यांच्या याद्या एकत्र जोडणारी 'सीईआयआर' ही केंद्रीय नोंदवही दूरसंचार खात्याने उभारली. तिचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातच झाला, आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या नावाने ती सोय साऱ्या देशाला खुली झाली. फोन हरवला किंवा चोरीस गेला की मालकाने पोलिसांत तक्रार नोंदवावी, त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे, तक्रारीची प्रत आणि खरेदीचे बिल जोडून संचार साथीवर अर्ज करावा. मग साधारण एका दिवसात तो फोन देशातल्या सर्व कंपन्यांच्या दारात मुका होतो. त्यात कोणी नवे सिमकार्ड घातले, तर त्याची वर्दी पोलिसांकडे जाते. मास्तरांच्या मुलाला आलेला फोन हे या वर्दीचेच फळ होते.

या यादीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पूर्वी फोन चोरीस गेला की माणूस एक सुस्कारा टाकी आणि दुसरा फोन घेई. पोलीस ठाण्यात 'हरवला' असे लिहून घेत आणि प्रकरण तेथेच मिटे. आज लाखो फोन यादीत जाऊन बंद झाले आहेत, त्यांतले पुष्कळ शोधून काढून पोलिसांनी मूळ मालकांच्या हाती ठेवले आहेत. ज्या कुरिअरवाल्या तरुणाचे पोट फोनवर चालते, त्याला त्याचा फोन परत मिळणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. चोरलेली वस्तू बाजारात निरुपयोगी ठरू लागली, तर चोरीचा धंदाच बसतो, हे या यादीमागचे तत्त्व अगदी रास्त आहे. याउपर कोणी म्हणेल की, मास्तरांनी पैसे मोजले होते, तेव्हा फोन त्यांच्याकडेच राहू द्यावयास हवा होता, तर त्यास आमची मुळीच संमती नाही. ज्याचे जे नाही ते त्याला विकता येत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे सूत्र आहे. चोराला मालकी नव्हती, म्हणून दुकानदाराला मिळाली नाही, म्हणून मास्तरांनाही मिळाली नाही. फोन त्या तरुणाचाच होता.

फटका कोणाच्या पाठीवर?

परंतु येथेच खरी गोम आहे. फोन चोरणाऱ्याने तो दोन-अडीच हजारांना काढला आणि तो मोकळा झाला. मधल्या दलालाने आपली टक्केवारी घेतली, तो मोकळा झाला. दुकानदाराने नऊ हजार रोख घेतले आणि ओळख विसरला, तोही मोकळा झाला. यादीची कुऱ्हाड कोसळते ती या साखळीतल्या शेवटच्या हातावर, कारण फोन त्या वेळी त्याच्याच हातात असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपल्याकडे जुनी म्हण आहे. येथे यंत्रानेच तिचा कित्ता गिरविला आहे. यंत्राला दोष देण्यात हशील नाही. ते क्रमांक ओळखते, माणूस ओळखीत नाही. माणूस ओळखण्याचे काम माणसांनी, म्हणजे सरकारने, दुकानदारांनी आणि आपण स्वतः करावयाचे होते. ते तिघांनीही केलेले नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आरंभ आम्ही स्वतःपासून करतो. आपण पांढरपेशे लोक मोठे नीतिमान. भाजीवालीने एक रुपया जास्त घेतला तर तिला चारचौघांत जाब विचारू. परंतु सतरा हजारांचा फोन कोणी आठ-नऊ हजारांत, बिलावाचून, पुढे केला, तर तो इतका स्वस्त का, हा प्रश्न आपल्या ओठांवर येत नाही. उलट घरी जाऊन आपण आपल्या व्यवहारचातुर्याची बढाई मारतो! 'बिल नको, थोडे कमी करा' हे वाक्य या शहरातल्या किती सुशिक्षित तोंडांतून रोज निघत असेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. चोरीचा माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मास्तर त्यात बसत नाहीत, त्यांच्या मनात पाप नव्हते. तथापि अवाच्या सवा स्वस्ताई हे कधीकधी संशयाचे सबळ कारण ठरू शकते, हे विसरून चालावयाचे नाही. आणि कायद्याच्या पलीकडे एक साधा व्यवहार आहे. लोकलच्या दारातला तो हात फोन हिसकावतो तो स्वतःच्या हौसेसाठी नव्हे. पलीकडे कोणीतरी बिल न मागता पैसे मोजणार आहे, या खात्रीनेच तो पुढे सरसावतो. ती खात्री त्याला कोण देतो?

फटका बसल्यावर काहीजण दुसऱ्या आडवाटेला लागतात. 'क्रमांक बदलून देतो, फोन पुन्हा चालू करून देतो' असे सांगणारे कारागीर गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या नादी लागणे म्हणजे फसवणूक सोसलेल्या माणसाने स्वतःच्या पायांनी गुन्हेगारीत शिरणे होय. आयएमईआय बदलण्यास आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी मनाई केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर असल्या ओळखचिन्हांत फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. ब्रिटनने याच कृत्यासाठी २००२ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. ही कडकपणाची हौस नव्हे. २०२० मध्ये मीरतच्या पोलिसांना एकाच क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे आढळले होते. एका नावाची तेरा हजार माणसे एकाच घरात राहू लागली तर पोस्टमनने पत्र कोणाला द्यावे आणि पोलिसाने कोणाला पकडावे?

परदेशातून येणाऱ्या फोनांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतला भाचा सुट्टीत येताना वापरलेला फोन घेऊन येतो. तेथे फोन कंपनीकडून हप्त्यावर घेण्याची चाल आहे आणि हप्ते थकले तर कंपनी तो फोनही काळ्या यादीत घालते. शिवाय हप्ते फिटेपर्यंत फोन त्याच कंपनीशी जखडून ठेवण्याची निराळी पद्धत आहे. जखडलेला फोन रीतसर अर्जाने सुटू शकतो; काळ्या यादीतला मात्र ज्याने यादीत घातला त्यानेच काढावा लागतो. दोन्ही गोष्टी एक समजून पुष्कळ लोक भलत्याच दारी हेलपाटे घालतात. भाच्याने फोन दुसऱ्याकडून घेतला असेल, तर हप्ते फिटले आहेत काय, एवढे तेथेच विचारून घ्यावे.

दुकानदार आणि सरकार

आता दुकानदारांकडे वळू. वापरलेले सोने घेताना सराफ पावती मागतो, जुनी मोटार घेताना नोंदणीचे पुस्तक पाहतो. फोन मात्र कांदेबटाट्यांसारखा विकला जात होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूरसंचार सायबर सुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती केली, आणि वापरलेल्या फोनांचा व्यापार करणाऱ्याने प्रत्येक फोनचा क्रमांक सरकारी यादीशी ताडून पाहिल्यावाचून व्यवहार करू नये, असे बंधन घातले. नियम उत्तम आहे. पण नियम राजपत्रात छापला म्हणजे तो स्टेशनजवळच्या टपरीवर पोहोचला असे होत नाही. त्या टपरीवर कोण जाणार, कोण तपासणार, आणि न तपासता विकणाऱ्याला कोण जाब विचारणार, याचे उत्तर गिऱ्हाइकाला दिसेल अशा रीतीने सरकारने दिले पाहिजे. 'या दुकानात यादीशी ताडून पाहिलेलेच फोन मिळतात आणि प्रत्येक फोनचे बिल मिळते' अशी पाटी प्रत्येक दुकानावर सक्तीची करावी, आणि बिलावर आयएमईआय क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे. एवढ्याने निम्मा चोरबाजार उठेल.

सरकारास आमचा याहून मोठा सवाल निराळाच आहे. काळ्या यादीत नाव चढण्याला एक वाट आहे. उतरण्याला वाट कोठे आहे? ज्याने फोन यादीत घातला त्या मालकाला तो परत मिळाल्यावर यादीतून काढता येतो, ही सोय आहे आणि ती योग्य आहे. परंतु पैसे मोजून, बिल घेऊन, सद्भावाने फोन घेतलेल्या तिऱ्हाइताला कोणापुढे आपले म्हणणे मांडावयाचे हे सरळ सांगणारी खिडकी आम्हांस दिसत नाही. समजा, एखाद्या लबाडाने आपला फोन विकला, पैसे खिशात घातले, आणि महिन्याने तो हरवल्याची तक्रार देऊन यादीत घातला. बिल त्याच्या नावाचे, तक्रार त्याच्या सहीची. यादीच्या दृष्टीने मालक तोच आणि चोर तुम्ही! दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये हे न्यायाचे पहिले अक्षर आहे. चोरीचा फोन तत्काळ बंद करणे अवश्यच आहे, त्यात क्षणाचाही विलंब नको. परंतु बंद केल्यानंतर तरी ऐकून घेण्यास काय प्रत्यवाय आहे?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, फोन यादीत जाताच तो वापरणाऱ्याला मराठीत आणि त्याच्या त्याच्या भाषेत निरोप जावा की, तुमचा फोन अमुक कारणाने बंद झाला आहे आणि अमुक ठिकाणी जाऊन तुम्ही आपले म्हणणे मांडू शकता. सिमकार्ड कोणाचे आहे हे पोलिसांना कळते, तर निरोप पाठविणे अशक्य कसे? दुसरी, बिल आणि विक्रेत्याचा पत्ता घेऊन जो स्वतः पुढे येईल त्याचे म्हणणे ठरावीक मुदतीत ऐकून घेऊन त्याला लेखी निर्णय द्यावा. तिसरी, फोन जमा करणाऱ्याला पोलिसांनी क्रमांकासह पावती द्यावी आणि विक्रेत्याचा माग काढण्याची जबाबदारी त्याच ठाण्याने घ्यावी. मास्तरांकडून फोन घेण्यात पोलिसांनी जी तत्परता दाखविली, तीच स्टेशनजवळच्या दुकानात जाण्यात का दाखवू नये? साखळीचा शेवटचा दुवा हाती आला असताना तो ओढून पहिल्या दुव्यापर्यंत न जाणे म्हणजे चोराला अभयदान देणे होय.

या यादीची सारी मदार लोकांच्या विश्वासावर आहे, हेही सरकारने ध्यानी धरावे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी संचार साथीचे अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासूनच बसवून देण्याचा आदेश कंपन्यांना निघाला. त्यावर पाळतीच्या शंकेने देशभर गहजब झाला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घ्यावी लागली. जी सोय लोकांनी आपण होऊन आनंदाने वापरली असती तिच्याविषयी उगाच किंतु निर्माण झाला. यादी न्यायाने वागते अशी खात्री पटली, तर लोक तिच्याकडे स्वतः चालत जातील.

गिऱ्हाइकाने काय करावे?

सरकार आपली खिडकी उघडील तेव्हा उघडील, तोवर आपले शहाणपण आपल्याच हाती आहे. वापरलेला फोन घेताना, पैसे मोजण्यापूर्वी, वर सांगितलेली बटणे दाबून क्रमांक पाहावा आणि तो खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. मग 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे तो पंधरा अंकी क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा, किंवा संचार साथीवर तपासावे. फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक दुहेरी आहे, किंवा आधीच दुसऱ्याच्या वापरात आहे, असे उत्तर आले तर तेथूनच परत फिरावे. एवढे करूनही भागत नाही. आज पांढरा असलेला क्रमांक उद्या काळा होऊ शकतो, कारण मूळ मालकाने कदाचित अद्याप तक्रारच दिलेली नसेल. मास्तरांच्या बाबतीत नेमके हेच झाले. तेव्हा खरे संरक्षण एकच, ते म्हणजे बिल: विक्रेत्याचे नाव, पत्ता, क्रमांक आणि सही असलेले. विक्रेत्याला विकण्याचा अधिकारच नव्हता असे ठरले, तर दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क मालविक्रीचा कायदा गिऱ्हाइकाला देतो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, ग्राहक आयोग आहेत. पण हे सारे दरवाजे ठोठावण्यासाठी हातात कागद लागतो. कागद नसेल तर कायदाही हात चोळीत बसतो. आणि फोन यादीत गेला असे कळलेच, तर तो दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारण्याचा मोह कटाक्षाने टाळून सरळ पोलीस ठाण्यात द्यावा. आपण फसलो म्हणून दुसऱ्याला फसविण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस भाग होते. आम्ही म्हणालो, "नाही, मास्तर, तुम्ही चोर नाही. फोन परत देऊन तुम्ही ते सिद्धच केले आहे. पण नकळत का होईना, तुम्ही चोराचे गिऱ्हाईक झालात." मास्तर क्षणभर गप्प राहिले. मग हिशेबी माणसाप्रमाणे म्हणाले, "म्हणजे गणित माझंच चुकलं. ताळा पाहायचा राहून गेला." आम्हांस वाटते, तो ताळा एकट्या मास्तरांचा चुकलेला नाही. दुकानदाराने तो पाहिला नाही, सरकारने पुरता पाहिला नाही, आणि स्वस्ताईच्या मोहात आपण सर्वांनीच पाहावयाचा टाळला. उद्या दुकानाच्या फळीपाशी उभे राहून जेव्हा कोणी आपल्याला विचारील, "बिल कशाला, काका?", तेव्हा लोकलच्या दारात रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या त्या तरुणाची आठवण करावी आणि ठणकावून सांगावे, "आधी बिल, मग पैसे!"